कंपनीची बखर आणि कंपनीचं देणं

१९५५ सालच्या मार्च महिन्यात टोकियोतल्या काही प्राथमिक शाळांमधली मुलं शाळेत मिळालेलं दूध पिऊन आजारी पडली. उलट्या, पोटदुखी, जुलाब. आजारी मुलांचा आकडा दीड हजारांच्या पुढे गेला. दूध पावडरीचं होतं आणि ती पावडर होक्काइदो बेटावरच्या याकुमो गावातल्या कारखान्यातून आली होती. कारखाना युकिजिरुशी कंपनीचा, म्हणजे जगाला ‘स्नो ब्रँड’ या नावाने माहीत असलेल्या दूध कंपनीचा. कारखान्यात वीज गेली होती, यंत्रं थांबली होती, दूध तसंच पडून राहिलं आणि त्यात जंतू वाढले. नंतर त्याची पावडर केली तेव्हा जंतू मेले, पण त्यांनी सोडलेलं विष तसंच राहिलं.

त्या वेळचे अध्यक्ष सातो मित्सुगी यांनी ‘सर्व कर्मचाऱ्यांस’ अशा मथळ्याचं एक निवेदन काढलं. विश्वास कमवायला वर्षानुवर्षं लागतात, तो जातो मात्र एका क्षणात आणि पैसे टाकून तो विकत आणता येत नाही, असा त्याचा आशय होता. पुढे अनेक वर्षं कंपनीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात हा कागद दिला जाई. मग ही प्रथा मागे पडली.

२००० सालच्या मार्चअखेरीस होक्काइदोतच, ताइकी इथल्या त्याच कंपनीच्या कारखान्यात वीज गेली. दूध पडून राहिलं. त्याची पावडर झाली. ती पावडर ओसाकाच्या कारखान्यात कमी स्निग्धांशाच्या दुधात मिसळली गेली आणि जूनच्या अखेरीपासून तेरा हजारांहून जास्त माणसं आजारी पडली. वीज जाणं तेच, पावडर तीच, विषही त्याच जातीच्या जंतूंचं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जे घडलं होतं ते जवळजवळ अक्षरशः पुन्हा घडलं. त्यातून सावरायच्या आतच २००२ मध्ये समूहातल्या मांस कंपनीने परदेशी गोमांस देशी म्हणून खपवल्याचं उघड झालं आणि जपानमधला सर्वांत ओळखीचा दुधाचा छाप मोडून पडला.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो कागद वाटायचं थांबल्याचा तपशील. अशा प्रथा बहुधा कोणी ठरवून बंद करत नाही. नवे अधिकारी येतात, दरवर्षी तेच काय सांगायचं असं वाटू लागतं, नवीन मुलांच्या पहिल्याच दिवशी वाईट विषय कशाला, असंही कोणी म्हणतं. कंपनी १९२५ साली होक्काइदोतल्या दूध उत्पादक शेतकऱ्यांनी उभी केली, ही अभिमानाची कथा कोणी विसरलं नव्हतं. विसर पडला तो शाळेतल्या आजारी मुलांचा.

जपानी कंपन्या आपल्या इतिहासाचं काय करतात, हा प्रश्न मला म्हणून महत्त्वाचा वाटतो. तो जगात दुसऱ्या कुठल्याही देशापेक्षा जपानमध्ये नीट तपासता येतो, कारण कंपनीने स्वतःचा इतिहास लिहून छापायची इतकी जुनी आणि पक्की सवय क्वचितच कुठे असेल. जपानीत या पुस्तकांना ‘शाशी’ म्हणतात. पन्नास वर्षं झाली की एक, पंचाहत्तर झाली की दुसरं, शंभरीला आणखी जाडजूड. बहुतेक शाशी विक्रीसाठी नसतातच, त्या कर्मचाऱ्यांना, ग्राहकांना, पुरवठादारांना भेट दिल्या जातात. कावासाकीच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांचा मोठा संग्रह आहे. जपानच्या आधुनिक उद्योगाचे जनक मानले जाणारे शिबुसावा एइइची, ज्यांचं चित्र २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर आलं, त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने हजारो शाशींची सूची आणि त्यांतला तपशील शोधता येईल अशी सोयही केली आहे. अभ्यासकांसाठी ही मोठीच खाण आहे.

आपल्याकडे साखर कारखाना किंवा सहकारी बँक सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढते, तिची ही थोरली बहीण म्हणता येईल. पण शाशी कितीतरी जास्त गंभीरपणे लिहिली जाते. तिला आकडे असतात, तक्ते असतात, यंत्रांचे नकाशे असतात. पुष्कळदा अर्थशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकांकडून ती लिहून घेतात. तरीही तिचा पैसा कंपनी देते आणि छापण्याआधीचा शेवटचा मजकूर कंपनीच वाचते.

मराठी माणसाला यातला पेच समजायला फार अडचण येऊ नये. बखर आणि दफ्तर यांतला फरक आपण शंभरहून जास्त वर्षं चघळत आलो आहोत. बखर कोणाच्या तरी आज्ञेवरून, कोणाच्या तरी घराण्यासाठी लिहिलेली असते. तिच्यात भाषा रसरशीत असते, पराक्रम असतो, पण तारखा घसरतात आणि गैरसोयीची माणसं गायब होतात. दफ्तर म्हणजे वाड्याच्या माळ्यावर पडलेली पत्रं, हिशेब, करारमदार, तक्रारअर्ज. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद गोळा केले ते बखरीवर भागत नाही म्हणूनच. कंपनीच्या इतिहासालाही हीच कसोटी लावली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. कंपनी बखर वापरते आहे की दफ्तर उघडते आहे?

दफ्तर उघडून केलेला उपयोग किती फळतो याचं साधं उदाहरण फुजीफिल्मचं. फोटोच्या फिल्मचा खप २००० च्या सुमारास शिखरावर होता आणि मग काही वर्षांत तो कोसळला. अमेरिकेची कोडॅक २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. फुजीने मात्र आपल्या प्रयोगशाळांमध्ये सत्तर वर्षांत काय काय साठलं आहे ते पुन्हा मांडून पाहिलं. फिल्मचा मोठा भाग जिलेटिनचा, म्हणजे कोलाजेनचा. रंग उडू नयेत म्हणून केलेलं संशोधन ऑक्सिडीकरण रोखण्याचं. हे दोन्ही त्वचेला लागू पडतं. २००६ मध्ये कंपनी सौंदर्यप्रसाधनांत उतरली. यात पूर्वजांचं गुणगान नाही, जुन्या वह्या चाळणं आहे, आणि अशा उपयोगाबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नाही.

बखरीचा उपयोग कसा होतो ते पाहायला ‘सान्पो योशी’ या शब्दांकडे पाहावं. विकणाऱ्याचं भलं, घेणाऱ्याचं भलं आणि समाजाचं भलं, असं तिन्ही बाजूंनी चांगलं ते चांगलं, असा त्याचा अर्थ. बिवा सरोवराच्या काठच्या ओमी प्रांतातल्या फिरत्या व्यापाऱ्यांचं हे ब्रीद, असं जपानमध्ये सर्रास सांगितलं जातं. इतोचू ही बलाढ्य व्यापारी कंपनी ओमीच्याच इतो चुबेई यांनी १८५८ मध्ये सुरू केलेल्या तागाच्या कापडाच्या फिरत्या विक्रीतून वाढलेली. २०२० च्या एप्रिलपासून तिने ‘सान्पो योशी’ हेच आपल्या समूहाचं अधिकृत ब्रीदवाक्य केलं.

पण हे नेमके शब्द ओमीच्या जुन्या व्यापाऱ्यांनी वापरलेले नाहीत. १७५४ मध्ये नाकामुरा जिहेई नावाच्या व्यापाऱ्याने वारसासाठी लिहून ठेवलेल्या कागदात या आशयाचा उपदेश आहे: परगावी व्यापाराला गेलात तर तिथल्या सगळ्या लोकांचा विचार करा, फक्त स्वतःचा नफा पाहू नका. ‘सान्पो योशी’ ही सुटसुटीत घोषणा मात्र विसाव्या शतकातल्या अभ्यासकांच्या लिखाणातून, मुख्यतः १९८० च्या दशकात, रूढ झाली. विचार चांगला आहे, त्याला खरा आधारही आहे. मग त्याला जुनेपणाचा मुलामा का लागतो? आपल्याकडे एखाद्या गोष्टीला ‘शिवकालीन’ म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, तसंच तिथेही होतं. जुनं ठरलेलं तत्त्व तपासायचं नसतं, त्यापुढे मान लववायची असते. मला इतोचूने हे ब्रीद घेतल्याचा आनंदच आहे. पण जिहेईचा कागद जसा आहे तसा, अडखळत्या भाषेसकट लोकांपुढे ठेवला असता तर तो जास्त बोलका झाला असता, कारण त्यात एक म्हातारा माणूस काळजीने पोराला समजावतो आहे.

इथवरची तक्रार सौम्य आहे. खरी तक्रार पुढे आहे.

आपल्याकडे वाटणीच्या वेळी एक गोष्ट अडाणी माणसालाही ठाऊक असते. बापाचा वाडा पाहिजे असेल तर बापाच्या डोक्यावरचं कर्जही बघावं लागतं. नुसता ऐवज उचलून देणं नाकारणाऱ्याला गाव वारस म्हणत नाही. जपानी कंपन्यांच्या इतिहासप्रेमाला मी हीच एक अट घालतो. पूर्वजांच्या कर्तबगारीतून आज प्रतिष्ठा, विश्वास आणि ग्राहक मिळवायचे असतील तर पूर्वजांनी केलेल्या नुकसानाशीही नातं सांगावं लागेल.

निप्पोन सेइतेत्सु, म्हणजे निप्पोन स्टील, हे याचं सर्वांत कठीण उदाहरण. १९०१ मध्ये क्यूशू बेटावर यावाता इथे सरकारी पोलाद कारखाना सुरू झाला. १९३४ मध्ये तो आणि इतर पोलाद कारखाने मिळून निप्पोन सेइतेत्सु ही कंपनी झाली. युद्धानंतर १९५० मध्ये ती मोडून यावाता आणि फुजी अशा कंपन्या केल्या. १९७० मध्ये त्या दोघी पुन्हा एक झाल्या, २०१२ मध्ये सुमितोमो मेटल त्यांत आली आणि २०१९ मध्ये कंपनीने नाव घेतलं ते पुन्हा निप्पोन सेइतेत्सु. यावाताच्या जुन्या वास्तू २०१५ पासून मेइजी काळातल्या औद्योगिक क्रांतीच्या स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

आता दुसरी बाजू. १९४३ मध्ये काम शिकायला मिळेल अशी जाहिरात पाहून काही कोरियन तरुण ओसाकाच्या पोलाद कारखान्यात आले. त्यांना कोंडून राबवलं आणि मजुरीचा बहुतांश भाग त्यांच्या हाती पडलाच नाही. त्यांच्यापैकी दोघांनी १९९७ मध्ये ओसाकाच्या न्यायालयात दावा लावला. २००१ मध्ये तो फेटाळला गेला, आणि त्यात एक कारण असं होतं की १९५० पूर्वीची कंपनी आणि आजची कंपनी कायद्याने वेगळ्या आहेत, आधीचीचं देणं नंतरचीवर येत नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट निर्णय दिला आणि प्रत्येक वादीला दहा कोटी वॉन द्यायला कंपनीला सांगितलं. तोवर तिथल्या चार वादींपैकी एकच हयात होता.

जपान सरकारचं म्हणणं असं की १९६५ च्या करारात हे सगळे दावे कायमचे मिटले. त्या कराराच्या अर्थाबद्दल दोन देशांतले कायदेपंडित भांडतात आणि मी त्यात निवाडा करायला बसणार नाही. माझा मुद्दा कायद्याच्या आधीचा आहे. १९५० ची रेघ देण्याच्या बाजूला इतकी ठळक असेल की पलीकडचं काहीच अलीकडे येत नाही, तर ऐवजाच्या बाजूला तीच रेघ पुसट कशी होते? १९०१ ची भट्टी आपली आणि १९४३ चा मजूर दुसऱ्या कोणाचा, असं एकाच घराण्याला म्हणता येत नाही. त्यातून २०१९ मध्ये जुनंच नाव पुन्हा पाटीवर आलं, तेव्हा तर हा प्रश्न आणखी उघडा पडला.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं आणि ते मी हलक्यात घेत नाही: आज त्या कंपनीत काम करणारी पस्तीस वर्षांची अभियंता १९४३ मध्ये जन्मलीही नव्हती, तिला दोष का द्यायचा? खरं आहे, तिला दोष देऊच नये. पण १९०१ ची भट्टीही तिने पेटवलेली नाही. तिचा अभिमान तिच्या हाती आयता येतो, मग लाज अडवून धरण्याचं कारण काय? शिवाय इथे दोषापेक्षा दखल महत्त्वाची आहे. दखल घेता येते, हे मित्सुबिशी मटेरियल्सने दाखवून दिलं आहे. २०१५ च्या जुलैमध्ये या कंपनीच्या प्रतिनिधींनी लॉस एंजेलिसला जाऊन, युद्धकाळात आपल्या पूर्वसुरी कंपनीच्या खाणींत राबवलेल्या अमेरिकन युद्धकैद्यांची समोरासमोर माफी मागितली. पुढच्या वर्षी चिनी मजुरांशी समझोता करून प्रत्येकी एक लाख युआन देण्याचं मान्य केलं. त्यामुळे कंपनी बुडाली नाही, तिचं नावही कमी झालं नाही. कोरियन मजुरांच्या वाट्याला तसे शब्द आले नाहीत, हे मात्र तेवढंच खरं आणि ते मला खुपतं.

चिस्सो कंपनीची गोष्ट याहून सरळ आहे आणि म्हणून जास्त जड. मिनामाताच्या खाडीत पाऱ्याचं सांडपाणी सोडणारी हीच कंपनी. त्या पाऱ्याने झालेल्या मिनामाता रोगाची अधिकृत नोंद १ मे १९५६ ची. कंपनीच्या स्वतःच्या रुग्णालयातल्या डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचं सांडपाणी मांजराला खाऊ घालून पाहिलं आणि मांजराला तोच रोग झाला. तो निष्कर्ष कंपनीने दाबला. सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिलं. २०११ मध्ये चालू धंदा जेएनसी नावाच्या नव्या कंपनीत गेला आणि भरपाई देण्याचं काम चिस्सोकडे राहिलं. भरपाईचा पैसा जेएनसीच्या नफ्यातूनच येतो आणि हा मार्ग खास कायद्याने काढून दिला होता, हे मान्य. तरीही नव्या माणसाला नोकरी लागते ती जेएनसीत, आणि विषाचं नाव दुसऱ्या पाटीवर राहतं. वाटणी झाली: ऐवज एका घरात, देणं दुसऱ्या घरात. मिनामाताचा इतिहास आज कळतो तो तिथल्या नगरपालिकेच्या संग्रहालयातून आणि रुग्णांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लोकांनी पदरमोड करून जपलेल्या कागदांतून. दफ्तर पीडितांनी सांभाळलं.

सगळीकडे असंच आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. सुमितोमोची बेस्शी इथली तांब्याची खाण १६९१ पासून १९७३ पर्यंत चालली. तांबं वितळवताना निघणाऱ्या गंधकाच्या धुराने पिकं जळाली, डोंगर उघडे पडले आणि १८९३ मध्ये निइहामाचे शेतकरी चिडून उठले. सुमितोमोचे अधिकारी इबा तेइगो तिथे गेले, डोंगरावर झाडं लावायला घेतली आणि भट्टी समुद्रातल्या शिसाका बेटांवर हलवायचं ठरवलं. आज तो डोंगर हिरवा आहे आणि सुमितोमो ही कथा अभिमानाने सांगते. या कथेत एक पान आहे ते मला मोलाचं वाटतं. १९०५ मध्ये बेटावर भट्टी सुरू झाली तेव्हा धूर कमी झाला नाही, वाऱ्याने उलट तो आणखी लांबच्या शेतांवर नेला. गंधक पकडून निकाली काढण्याचं तंत्र १९३९ मध्ये साधलं. म्हणजे चांगल्या हेतूने केलेला उपायही चौतीस वर्षं फसलेला होता. हे पान वगळून सांगितलेली बेस्शीची कथा वृक्षारोपणाची जाहिरात होते. ते पान ठेवलं की एखाद्या रासायनिक कारखान्यातल्या आजच्या व्यवस्थापकाला ती उपयोगी पडते.

आणि मग जपान एअरलाइन्स. १२ ऑगस्ट १९८५ ला टोकियोहून ओसाकाला निघालेलं १२३ क्रमांकाचं विमान ओसुताका डोंगरावर कोसळलं. ५२० माणसं गेली, चार वाचली. १९७८ मध्ये त्याच विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली होती आणि हवेचा दाब पेलणाऱ्या मागच्या भिंतीची दुरुस्ती बोइंगच्या लोकांनी चुकीची केली होती. रिव्हेटच्या जिथे दोन रांगा लागायला हव्या तिथे ताण एकाच रांगेवर येत होता. सात वर्षांनी ती भिंत फाटली.

विमानाचे अवशेष टाकून द्यावेत असा कंपनीचा कल होता. गेलेल्यांच्या नातेवाइकांनी ते जपावेत म्हणून सतत आग्रह धरला. २००५ मध्ये सुरक्षेच्या चुकांची मालिकाच लागली, सरकारने कंपनीला सुधारणेचा आदेश दिला, बाहेरच्या जाणकारांचा सल्लागार गट नेमला गेला. २००६ च्या एप्रिलमध्ये हानेदा विमानतळाजवळ सुरक्षा केंद्र उघडलं. तिथे ती फाटलेली भिंत आहे, चिरडलेल्या खुर्च्या आहेत, आणि विमान खाली येत असताना काही प्रवाशांनी घरच्यांसाठी खरडलेले शब्द आहेत. कंपनीत येणाऱ्या प्रत्येकाला हे पाहावं लागतं, मग तो वैमानिक असो, तिकीट खिडकीवरची मुलगी असो की हिशेबनीस. १९८५ मध्ये कंपनीत असलेले लोक आता जवळजवळ सगळे निवृत्त झाले आहेत. म्हणजे अपघाताची आठवण असलेला माणूस तिथे जवळजवळ उरलेला नाही, आहे ती फक्त ती वस्तू.

२ जानेवारी २०२४ ला हानेदावर उतरणाऱ्या जपान एअरलाइन्सच्या विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर झाली. तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण गेले. प्रवासी विमान पेटलं, पण आतले ३७९ च्या ३७९ लोक जिवंत बाहेर पडले. याचं श्रेय एकट्या त्या केंद्राला देणं बरोबर नाही. सराव, प्रवाशांची शिस्त, विमानाची रचना, सगळंच त्यात होतं. पण सराव मनापासून करायला काहीतरी कारण लागतं, आणि त्या कर्मचाऱ्यांपैकी प्रत्येकाने ते कारण डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

टोयोटाबद्दल मला निर्णय करणं अवघड जातं. नागोयात, जुन्या सूतगिरणीच्या विटांच्या इमारतीत, १९९४ पासून टोयोटा समूहाचं संग्रहालय आहे. तिथे साकिची तोयोदा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग चालवून दाखवतात. धागा तुटला की माग आपोआप थांबतो. दोष दिसला की थांबायचं, हा टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचा गाभा त्या मागात आहे असं कंपनी सांगते, आणि ते पटण्यासारखं आहे. कंपनीने लाज वाटण्याचा दिवसही जपला आहे. गाड्या परत बोलावण्याच्या प्रकरणात कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ तोयोदा २४ फेब्रुवारी २०१० ला अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले होते. तो दिवस कंपनी नव्याने सुरुवात करण्याचा दिवस म्हणून दरवर्षी पाळते.

आणि तरीही २०२३ च्या डिसेंबरमध्ये याच समूहातल्या दाइहात्सुने सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षं फसवणूक केल्याचं चौकशी समितीने सांगितलं. सर्वांत जुनी नोंद १९८९ ची. २९ जानेवारी २०२४ ला टोयोटा इंडस्ट्रीजच्या इंजिनांच्या चाचण्यांतला घोटाळा जाहीर झाला. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे साकिचींच्या मागाची मूळ कंपनी. धागा तुटला की थांबणारा माग जिने बनवला तिथेच धागा तुटला आणि कोणी थांबवलं नाही. दुसऱ्याच दिवशी अकिओंनी समूहातल्या कंपन्यांच्या प्रमुखांना नागोयाच्या त्याच संग्रहालयात एकत्र करून पुढची दिशा सांगितली, त्यात मुळांकडे परत जाण्याची भाषा होती.

यावरून कोणी म्हणेल की इतिहास जपून काही होत नाही. मी असं म्हणेन की साकिचींचा माग सगळ्यांना दाखवला जात होता, पण मुदत गाठण्याच्या दडपणाखाली चाचणीचा आकडा बदलणाऱ्या माणसाला आपण कोणाच्या वाटेवर आहोत हे दाखवणारं त्याच्या कारखान्यात काही नव्हतं. संस्थापकाची कथा वरून खाली येते. चुकीची कथा जिथे चूक झाली तिथेच, त्या टेबलावर ठेवावी लागते. दाइहात्सुच्या चौकशीचा अहवाल उद्या नागोयातल्या त्या मागाच्या शेजारी ठेवला, तर संग्रहालयाला शोभेल की नाही? मला वाटतं, शोभेल.

या सगळ्याचा मुंबईशी एक जुना धागा आहे. ७ नोव्हेंबर १८९३ ला कोबेहून ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज मुंबईला निघालं. निप्पोन युसेन या कंपनीने जमशेदजी टाटांच्या साथीने सुरू केलेला हा मार्ग, कापसासाठी. जपानची ही पहिली दूरची नियमित जहाजसेवा. पी अँड ओ ही ब्रिटिश जहाज कंपनी आणि इतर युरोपीय कंपन्या यांची मक्तेदारी मोडायला शिबुसावा आणि टाटा एकत्र आले होते. निप्पोन युसेनच्या इतिहासात ही मानाची घटना आहे. त्याच कापसावर जपानच्या गिरण्या वाढल्या आणि पुढे मुंबईच्या सुताची चीनमधली बाजारपेठ त्यांनीच घेतली, म्हणजे ही गोष्ट गिरणगावाचीही आहे. पण गिरणगावाच्या बाजूने ती सांगायची तर कागद कुठे आहेत? टाटांचं अभिलेखागार पुण्यात आहे, गोदरेजचं विक्रोळीत आहे, हे आपलं भाग्य. १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींचे भाव सगळ्यांना पाठ होते. हजेरीपटांचं, पगारवह्यांचं, अपघातांच्या नोंदींचं काय झालं हे फारसं कोणी विचारलं नाही. जपानी कंपन्यांवर मी वर जी टीका केली ती करता येते, कारण त्यांनी निदान लिहून तरी ठेवलं. बखर असली तर तिच्यातली गाळलेली जागा दिसते.

स्नो ब्रँडचं पुढे काय झालं? ती कंपनी २००९ पासून मेगमिल्क स्नो ब्रँड या नावाने आहे. दरवर्षी दोनदा, जूनमध्ये आणि जानेवारीत, तिथे ‘घटना विसरू नये म्हणून’ कर्मचाऱ्यांना एकत्र बसवतात. जून दुधाचा, जानेवारी मांसाचा.

निप्पोन सेइतेत्सुच्या मूळ स्थापनेला २०३४ मध्ये शंभर वर्षं होतील. ती शंभरी आपली आहे की नाही, हे कंपनीने ठरवायचं आहे. आपली म्हटलं तर शाशी निघेल, जाड कागदावर, यावाताच्या भट्टीच्या छायाचित्रासकट, आणि तिच्यात एक पान १९४३ च्या ओसाकाला द्यावं लागेल. त्या पानावर किती तरुण आले होते, किती मजुरी ठरली होती आणि किती दिली, एवढे तीन आकडे छापले तरी मी ती शाशी आदराने हातात घेईन.